ऐरोली ते चोडण : खाड्यांच्या काठाने

सोमवार, पौर्णिमा : ठाण्याची खाडी

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीची पाऊणपट करण्याचा जुना हिशेब अजून चालतो. पौर्णिमेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. स्थूलमानाने त्या सुमाराला मुंबईकडे पाणी भरते आणि ऐरोलीपर्यंत चढायला त्याला आणखी थोडा वेळ लागतो. नदी जिथे समुद्राला मिळते त्या जागा राखायच्या म्हणजे नेमके काय राखायचे, हा प्रश्न घेऊन मी कोकणातून गोव्यापर्यंत निघालो होतो आणि पहिले पाणी उधाणाचे पाहता यावे म्हणून पौर्णिमेचा दिवस धरला होता.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होडी निघाली तेव्हा दोन्ही काठांच्या तिवरांचे, म्हणजे खारफुटीच्या झाडांचे, बुंधे पाण्याखाली गेले होते आणि वर नुसते हिरवे शेंडे दिसत होते. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. उत्तर टोकाला ती एका अरुंद वाटेने उल्हास नदीशी जोडलेली असली, तरी पावसाळा सोडला तर गोडे पाणी तिला फार थोडे मिळते. तिला जागते ठेवते ती दिवसातून दोनदा आत येणारी आणि बाहेर जाणारी भरती. इथे २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पाणी ओसरू लागले तसे दूरच्या चिखलपट्ट्यावर धाकट्या रोहितांचा थवा उतरला. होडीतल्या सगळ्यांनी कॅमेरे वर केले, आणि ते योग्यच होते, कारण इतक्या दाट वस्तीच्या मधोमध इतके पक्षी पाहायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही रोहित आले म्हणजे खाडी निरोगी आहे, असा अर्थ काढण्याची घाई करू नये असे मला वाटते. धाकटा रोहित सूक्ष्म शैवालावर जगतो. भोवतालच्या शहरांच्या सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद खाडीत येते, त्यावर शैवाल पोसते, आणि ज्या पाण्यात रोहित चरतो त्या पाण्यात प्राणवायू कमी पडून मासे टिकेनासे होतात. पक्षी आणि मासे या दोघांचे हित इथे एका रेषेत नाही. भरतीची वाट बंद झाली की काय होते, हे तर जवळच नेरूळला दिसले होते. तिथल्या एका तळ्यात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग बुजले, पाणी साचून त्यावर शेवाळाचा थर चढला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या परिसरात रोहित मेल्याच्या बातम्या आल्या. तळे बुजवले नव्हते, झाडे तोडली नव्हती, पक्ष्यांना कोणी हात लावला नव्हता. फक्त पाण्याचे येणे-जाणे थांबले होते. पुढच्या मुक्कामांवर मी प्रत्येक ठिकाणी प्रथम हेच पाहायचे ठरवले, की पाणी कुठून येते, कुठून जाते आणि मध्ये कोण उभे आहे.

मंगळवार : खारेपाट

पेणहून वडखळ-पोयनाडच्या रस्त्याने अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात शिरलो. अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते तिच्या काठची ही सपाट जमीन समुद्राच्या भरतीपातळीच्या खाली आहे. कित्येक पिढ्यांपूर्वी लोकांनी चिखलाचे बांध घालून ती खाडीकडून मागून घेतली आणि भाताखाली आणली. याच भागातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला होता. ज्या जमिनीसाठी माणसे इतकी वर्षे उपाशी राहून लढली, ती जमीन आज निम्मी चिखलात गेलेली पाहताना मन विषण्ण होते.

दहाच्या सुमारास आम्ही बाहेरकाठ्यावर चढलो. बाहेरकाठा म्हणजे खाडीला भिडणारा मुख्य बांध. माझ्यासोबत सत्तरीच्या घरातले एक शेतकरी होते. गावातले सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणू लागलो. बांधाच्या एका बाजूला खाडीचे पाणी चढत होते आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर, कापणी झालेल्या भाताचे खुंट होते. नानांनी मला उघाडी दाखवली. बांधाच्या पोटातून काढलेल्या या मोरीला खाडीच्या अंगाला झडप असते. भरतीचे पाणी रेटते तेव्हा झडप आपोआप मिटते, ओहोटीला खाडीची पातळी उतरली की शेतातल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर जाते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन याच वाटेने निघून जाते आणि मग मोड आलेले बी चिखलात फोकून रहू टाकता येते. झडपेत लाकडाचा ओंडका अडकला किंवा तिच्यासमोर गाळ साचला, तर एका उधाणात सगळी मेहनत वाया जाते. त्यामुळे उघाडीवर कोणाची तरी रोज नजर असावी लागते.

पूर्वी ही नजर गावाची असे. नाना ज्याला जोळ म्हणतात त्या पद्धतीत बांधाच्या आतले सगळे शेतकरी आपापल्या हिश्शाने बांधावर काम करत. खेकड्याने बीळ पाडले, तरी ते दिसताच चिखलाचे गोळे लावून बुजवले जाई. पुढे १९४८ साली मुंबई राज्यात खारभूमीचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला आणि बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारकडे गेली. सरकारने पैसा आणला, दगडी पिचिंग, म्हणजे बांधाला दगडांचे अस्तर, आणले, हे नाना मोकळेपणाने मान्य करतात. मात्र बीळ बुजवण्याचे अंदाजपत्रक होत नाही. ते खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडल्यावर होते, आणि खांड पडल्यानंतर अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत उधाणामागून उधाणे आत येत राहतात.

अशी एक जुनी खांड आम्ही पुढे पाहिली. बांध तुटून खाडीचे पाणी शेतात राहिले, मातीत मीठ भरले, भात येईनासे झाले. आणि पाण्याबरोबर आलेल्या बियांतून तिवर उगवून आता माणसापेक्षा उंच झाले आहेत. इथे कायद्याचा आणि शेतकऱ्याचा गुंता सुरू होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन राज्यातल्या खारफुटीला संरक्षण दिले, खारफुटीची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले. तो निकाल झाला नसता तर मुंबई-ठाण्याच्या खाड्यांचे काठ एव्हाना भरावाखाली गेले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती लिहिलेली आहे त्याने आपल्याच जमिनीत उगवलेली तिवरे काढायची नाहीत, बांध नीट करायलाही परवानगीची वाट पाहायची, आणि तोवर उत्पन्न शून्य, ही अवस्था न्यायाची नाही. नानांची खारफुटीवर मुळीच खुन्नस नाही. बांधाच्या बाहेरची तिवरे लाट मोडतात, त्यांच्यामुळे बांध टिकतो आणि त्यांच्या मुळांत कोलंबी व जिताड्याची पिल्ले वाढतात, हे त्यांनीच मला सांगितले. ती पिल्ले खाडीतून आणून घराजवळच्या तळ्यात वाढवण्याची रीत इथे जुनी आहे. जावई आला की तळ्यातला जिताडा निघतो. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की तिवर बाहेर आणि भात आत, आणि खांड पडली तर ती पुढच्या उधाणाच्या आत भरली जावी. मला हे म्हणणे पूर्णपणे पटले. उशीर झाला की शेतही जाते आणि नंतर त्या जागेवरून माणूस आणि झाड यांचे भांडण लागते.

पावणेएकच्या सुमारास पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन थांबले. जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर चढली आणि २००६ नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर असा वाढलेला आहे. कागदावर हा आकडा लहान दिसतो. बांधावर उभे राहून हातभर अंतर शिल्लक पाहताना तो लहान वाटत नाही, कारण इथे पाणी संथपणे चढून येत नाही. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण, पावसाचा लोंढा आणि वादळाचा रेटा एकाच तासाला जुळून आले की बांध फुटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले होते आणि अरबी समुद्रातली अशी वादळे वाढत आहेत. बांध किती उंच करावा, हे नानांनी मला विचारले. मी त्यांना एवढेच म्हणालो, की एकदाच उंच करून सोडून देण्याचा हा विषय राहिलेला नाही. दर काही वर्षांनी मातीची भर द्यावी लागेल आणि ती देणारी माणसे गावात असावी लागतील.

बुधवार : वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी

चिपळूणला पोचायला दुपार झाली. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामांविषयी लिहिण्यात अर्थ नाही.

वाशिष्ठी ही कोकणातल्या इतर नद्यांहून वेगळी आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयातले पाणी वीज निर्माण करून पोफळीच्या बाजूने खाली उतरते आणि वाशिष्ठीत येते. जे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे ते बोगद्यांतून पश्चिमेला वळलेले आहे. म्हणून बाकीच्या खाड्या फाल्गुन-चैत्रात खारट होत दूरवर आत सरकतात, तेव्हाही वाशिष्ठीत गोड्या पाण्याचा ओघ असतो. खाडीतला जीव मीठ किती, गाळ किती आणि कोणत्या महिन्यात किती, या मापावर जगतो. नदी आटवली तर हे माप बिघडते, हे सगळ्यांना कळते. नदीत परके पाणी ओतले तरीही ते बदलते, याचा विचार फारसा होत नाही.

गोवळकोटच्या धक्क्याजवळ काठावरच्या चिखलात दोन मगरी उन्हाला पडलेल्या दिसल्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठ बुडाली, त्या दिवशीही वरून अतोनात पाऊस आणि खालून भरती असा मेळ जमला होता. त्यानंतर नदीतला गाळ मोठ्या प्रमाणावर काढला गेला. शहराला ती निकड होती, हे मी नाकारत नाही. परंतु डोंगरउतारावरची झाडी तुटत राहिली, तर तोच गाळ पुन्हा येईल, आणि यंत्राने खोल केलेल्या पात्रातून भरतीचे खारे पाणीही अधिक आत शिरेल.

खाली करंबवण्याच्या बाजूला खाडीचे दुखणे निराळे आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी या खाडीत सोडले जाते, आणि मासे मरून तरंगण्याच्या घटनांविरुद्ध इथले मच्छीमार कित्येक वर्षे संघर्ष करत आले आहेत. धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या एका मावशींनी सांगितले, की त्यांच्या लहानपणी ओहोटीला बायका पाट्या घेऊन तिसऱ्या आणि कालवे काढायला जात व दोन तासांत घरचे कालवण भागून विकायलाही उरत असे. आता त्या चिखलात पाय घातला तर खाज सुटते, म्हणून मुली जात नाहीत. मासे मेलेले दिसतात, त्यांचा पंचनामा होतो. बायकांची कमाई कधी संपली, याचा पंचनामा कुठेच झालेला नाही. मला वाटते, प्रदूषणाची मोजणी केवळ पाण्याच्या नमुन्यावर न थांबता काठावरच्या अशा उत्पन्नापर्यंत गेली पाहिजे, आणि नमुना कोणत्या भरतीला घेतला हेही जाहीर झाले पाहिजे, कारण भरल्या पाण्यातला नमुना आणि ओहोटीतला नमुना यांत मोठे अंतर पडते.

संध्याकाळी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि दक्षिणेला निघालो.

गुरुवार : देवबाग

कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी बराच वेळ किनाऱ्याला समांतर वाहते आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या दांड्यावर तारकर्ली-देवबाग वसलेले आहे. एका अंगणातून नदी दिसते आणि मागच्या परसातून समुद्र. माडाच्या बागा, घरे, पर्यटकांच्या खोल्या सगळे या वाळूवर उभे आहे. वाळू स्थिर नसते. नदी वरून आणते, समुद्र ती इकडची तिकडे करतो. वरच्या पात्रातून वाळूचा उपसा होतो तेव्हा दांड्याला येणारी भर तुटते, आणि समुद्र मात्र आपला वाटा नेतच राहतो. हातपाटीने बुडी मारून वाळू काढणाऱ्यांचा उपसा आणि सक्शन पंपाचा उपसा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि नियम करताना हे अंतर काटेकोर पाळले पाहिजे. गावाने दगडी बंधारे मागितले आणि काही ठिकाणी ते झालेही. जिथे घर पाण्यात जायच्या बेतात आहे तिथे दुसरा उपाय नाही, पण बंधाऱ्याच्या टोकाला पुढची धूप सुरू होते, हे देवबागच्या लोकांना आता कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नदीच्या बाजूला मन हलके करणारेही काही होते. पांढऱ्या चिप्पीची गोलसर पानांची झाडे इथे चांगली वाढलेली आहेत. सोनेराशिया अल्बा हे तिचे शास्त्रीय नाव. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. होडीवाला दादा पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, तसा आता विचारल्यास चिप्पीही दाखवतो आणि इंजिन बंद करून वल्ह्याने काठाला नेतो. ही सवय सगळ्या होड्यांना लागली, तर काठाची माती लाटांनी ढासळण्याचे प्रमाण नक्कीच कमी होईल.

शुक्रवार : चोडण

रात्री पणजीला मुक्काम करून भल्या पहाटे रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने मांडवी ओलांडली आणि चोडण बेटावर उतरलो. डाव्या अंगाला सलीम अली पक्षी अभयारण्याची दाट खारफुटी आहे. १९८८ मध्ये राखलेले हे क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे असून त्यातल्या पायवाटेवर धीवर आणि बगळे सहज दिसतात. मला मात्र बेटावरच्या खाजन जमिनी पाहायच्या होत्या.

खाजन म्हणजे खारेपाटाचीच गोव्यातली, आणि माझ्या मते अधिक परिपूर्ण, बहीण. पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधीपासून गावकऱ्यांनी मांडवी-जुवारीच्या काठी बांध घालून सुमारे १८ हजार हेक्टर जमीन अशी राखली. बांध चिकणमाती आणि पेंढ्याचा, बाहेरून जांभ्या दगडाचा. आत पाणी खेळवणारा पोंय असतो आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. मी पोचलो तेव्हा ओहोटी होती, मानशीची दारे उघडी होती आणि तोंडाला लावलेल्या जाळ्यातून एक बाब, म्हणजे गावातले एक गृहस्थ, कोलंबी, शेवटे आणि दोन काळुंदर मासे टोपलीत काढत होते. रात्रीच्या भरतीला दारे किंचित उघडी ठेवून खारे पाणी पोंयीत घेतात, त्याबरोबर पिल्ले आत येतात, तिथे वाढतात आणि ओहोटीच्या ओघात जाळ्यात सापडतात. पावसाळ्यात त्याच जमिनीवर कोरगुट हे खारे सोसणारे भात. खारेपाटात मी जे बाहेर आणि आत असे वेगळे पाहिले होते, ते इथे एकाच बांधाच्या आत ऋतूप्रमाणे आलटून पालटून नांदते. या मासेमारीच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशातून बांध दुरुस्त होतो. खाडी राखण्याचा खर्च खाडीनेच द्यावा, अशी ही योजना आहे आणि मी पाहिलेल्या सगळ्या उपायांत मला ती सर्वांत शहाणपणाची वाटली.

ती ढिली का पडली, याचे कारणही बाबांनी स्पष्ट सांगितले. गावकरीकडून, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे राखणाऱ्या कोमुनिदादीकडून, अधिकार निसटले; कूळकायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. कुळांना जमीन मिळाली हे न्याय्यच झाले, पण शेती परवडेनाशी होऊन लोक पणजीला नोकरीला जाऊ लागले आणि भाताचा वाली कमी झाला. मानस घेणाऱ्याला मासे हवे असतात. त्याने खारे पाणी जास्त दिवस आत ठेवले, तर शेती मरते. काही गावांत बांध मुद्दाम फोडले गेले. खनिजाच्या बार्जांच्या लाटांनीही मांडवीकाठचे बांध खचवले. पडीक खाजनात मग खारफुटी येते आणि खारेपाटातला गुंता जसाच्या तसा इथे उभा राहतो.

मांडवीच्या वरच्या अंगाची चिंता वेगळी आहे. पावसाळ्यात जवळपास मुखापर्यंत गोडे असणारे हे पाणी उन्हाळ्यात कित्येक किलोमीटर आतपर्यंत खारे होते. ही हद्द नदीच्या ओघावर ठरते. मांडवीला वरच्या अंगाला म्हादई म्हणतात. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि गोव्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. वरचा ओघ जितका कमी होईल आणि समुद्र जितका चढेल, तितकी खाऱ्याची हद्द दोन्ही बाजूंनी आत सरकणार आहे, आणि त्या हद्दीवर कोरगुटची शेते व पोंयी टिकून आहेत.

दुपारी भरती चढली तशी मानशीची दारे मिटली. एका दाराची फळी किडली होती आणि फटीतून पाण्याची चिळकांडी आत उडत होती. कुळांच्या संघटनेचे तीन सभासद तिथेच सावलीत बसून कृषी खात्याला द्यायचा अर्ज तयार करत होते, कारण यंदाच्या पावणीच्या रकमेत फळी बसत होती, पण बांधाच्या खचलेल्या भागाची मातीभर बसत नव्हती. अर्ज मराठीत होता, म्हणून त्यांनी तो मला वाचायला दिला. मी त्यात दोन मुद्दे सुचवले : काम मेअखेरीस पूर्ण होईल अशा बेताने रक्कम मिळावी, आणि बांधाची उंची जुन्या खुणेपर्यंत न धरता अलीकडच्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या खुणेवरून धरावी. दुसऱ्या मुद्द्यावर त्यांच्यात थोडा वाद झाला, कारण उंची वाढली की पायाची रुंदी आणि मातीही वाढते. शेवटी तिघे उठून बांधावरची ती खूण टेपने मोजायला गेले आणि अर्जात आकडा लिहिण्यासाठी जागा मोकळी ठेवली.